चार टाके जास्त

विद्यार्थ्यांच्या निबंधांतल्या चुका काढण्यात माझी वीस वर्षे गेली. त्यामुळे दुसऱ्याची चूक मला चटकन दिसते. स्वतःची दिसायला मात्र जरा उशीर लागतो. गेल्या थंडीत तो किती लागला, त्याची ही हकीगत.

नाशिकची थंडी आणि अण्णांचे वय चौऱ्याऐंशी. बाजारचे मोजे त्यांना सोसत नाहीत. वरचे इलॅस्टिक पोटरीत रुतते. आई होती तोवर दर दिवाळीला ती त्यांच्यासाठी लोकरीचा एक जोड विणत असे. तिला जाऊन चार वर्षे झाली. तिच्या शेवटच्या जोडाच्या टाचा पार विरल्या होत्या. “राहू दे गं, चालतंय,” असे अण्णा म्हणत. चालत नव्हते, ते मला दिसत होते.

आई विणायला शिकवू पाही, तेव्हा मी पुस्तकात डोके घालून बसे. आता पंचेचाळिसाव्या वर्षी शेजारच्या काकूंपुढे विद्यार्थिनी झाले. पहिला धडा असा, की आधी वीतभर तुकडा विणायचा आणि दहा सेंटिमीटरांत किती टाके बसतात ते मोजायचे. माझे २८ बसले. दुसरा धडा : मोजा पायाच्या घेरापेक्षा सुमारे दहावा हिस्सा कमी धरायचा. लोकर ताणते, म्हणूनच तो पायाला धरून बसतो. नेमका पायाएवढा विणला तर दुपारपर्यंत त्याची पिशवी होते. मग टाके चार सुयांवर वाटून पाचवीने गोल विणत जायचे. वर दोन सुलट, दोन उलट. टाचेला निम्म्या टाक्यांची पट्टी. बोटांपाशी टाके कमी करीत जायचे. टोकाला शिवण नको, ती टोचते. तिथे टाक्यात टाका गुंफायचा. ह्या गुंफणीला इंग्रजीत लॉर्ड किचनरचे नाव आहे; १९०२ ते १९०९ हिंदुस्थानचे सरसेनापती होते तेच!

अण्णांचा पाय मोजायचे मात्र मी टाळले. आईचा जोड समोर होताच. त्याचे टाके मोजले. उजव्याचे ६०, डाव्याचे ६४. ‘शेवटी शेवटी आईची मोजणी चुकत असावी,’ असे मनाशी म्हणून मी चूक सुधारली आणि दोन्ही मोजे ६० टाक्यांचे विणले.

अण्णा म्हणाले, “झकास!” दुसऱ्या दिवशी पाहते तो उजवा मोजा पायात आणि डावा उशीखाली.

“अण्णा, डावा का काढलात?”

“जरा आवळतो गं. तुझ्या जन्माआधी सायकलवरून पडलो होतो ना, तेव्हापासून हा पाय थोरला आहे.”

“आईला ठाऊक होतं?”

अण्णा थोडे थांबून म्हणाले, “मी तर कधी बोललो नव्हतो.”

संध्याकाळी पाय किंचित सुजतात, म्हणून माप तेव्हाच घ्यावे, असे काकूंनी सांगितले होते. त्या संध्याकाळी टेप घेऊन मी अण्णांच्या पायांशी बसले. आजवर सणावारी ह्या पायांवर कितीदा डोके ठेवले असेल. पण ते नीट पाहिले नव्हते. चवड्याचा घेर उजवा २४ सेंटिमीटर, डावा साडेपंचवीस. दहावा हिस्सा वजा केला, २८ च्या हिशेबाने टाके काढले, चाराने भाग जाईल असा आकडा धरला. उजव्याचे आले ६०. डाव्याचे ६४.

वही मिटून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. मग डावा मोजा उसवला.

यंदा दिवाळीपूर्वीच दोन जोड तयार आहेत. डावा ओळखू यावा म्हणून मी त्याच्या आतून एक लाल धागा घातला आहे. आईला अशी खूण कधी लागली नाही.