ऐन थंडीत उगवणारे धबधबे

फिनलंडच्या लॅपलंडमधली कोरोउओमा दरी. उन्हाळ्यात जिथे कड्यावरून नुसतं पाणी झिरपतं, तिथे हिवाळ्यात पंधरा-वीस मजली बर्फ उभा राहतो. थर्मल चढवा, मोबाइल आतल्या खिशात टाका आणि चला!

धबधबा म्हटलं की तुमच्या-आमच्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र येतं. जुलैचा रविवार, घाटात दोन तासांचं ट्रॅफिक, भिजून जड झालेली जीन्स आणि हातात भाजलेलं कणीस. जानेवारीत त्याच वळणावर गेलात तर काळा कोरडा कातळ दिसतो. पावसाने दिलं, पावसाबरोबर गेलं. पण याच्या बरोब्बर उलटं गणित असलेली एक जागा आहे. तिथे उन्हाळ्यात गेलात तर ‘धबधबा कुठाय?’ असं विचारावं लागेल. खरा सीझन सुरू होतो तो पारा शून्याखाली घसरल्यावर.

सांताला टाटा

लॅपलंडला जाणाऱ्यांची लिस्ट साधारण सारखीच असते. रोव्हानिएमीला सांताक्लॉजबरोबर फोटो, हस्की कुत्र्यांची गाडी, रात्री नॉर्दर्न लाइट्सची वाट बघत गारठणं. सगळं मस्तच आहे, पण त्यातला एक दिवस बाजूला काढा. रोव्हानिएमीहून आग्नेयेला, गाडीने दीड-दोन तासांवर पोसिओ नावाचा छोटासा तालुका आहे. १९७१ मध्ये इथेच सुरू झालेल्या ‘पेन्तिक’च्या सिरॅमिकच्या कपांमुळे हे नाव फिनलंडमध्ये घरोघरी माहीत आहे. कोरोउओमा याच पोसिओत.

जमिनीखालच्या अतिप्राचीन खडकाला पडलेली एक भेग. पुढे हिमयुगातल्या बर्फाने आणि पाण्याने ती कोरली, रुंदावली. आज ही दरी सुमारे ३० किलोमीटर लांब आणि शंभर ते एकशे तीस मीटर खोल आहे. तळातून कोरोयोकी नदी वाहते. गेल्या शतकात लाकूडतोडे ओंडके याच नदीत सोडून खाली वाहून न्यायचे. आता हा सगळा भाग संरक्षित आहे.

नकाशावर काटेकोर बघाल तर आर्क्टिक सर्कलची रेघ या दरीच्या थोडी उत्तरेला पडते. पण थंडीला रेघा कळत नाहीत! जड, गार हवा रात्री खाली उतरते आणि दरीत साठून राहते. मी गेले त्या फेब्रुवारीतल्या सकाळी वर पार्किंगमध्ये उणे २४ होतं. खाली उतरताना गाल आणखीच बधिर होत गेले. पापण्यांवर आपल्याच श्वासाचं दव गोठतं आणि डोळे मिटले की पापण्या एकमेकींना चिकटतात. मस्कारा लावून आलेल्या मुलींनी काय ते समजून घ्यावं.

ब्राऊन, ब्लू आणि चार्ली

वाट साधारण पाच किलोमीटरची, गोल फिरून परत वर येणारी. आधी बर्फाने लदलेल्या स्प्रूसच्या झाडांमधून तीव्र उतार. बुटांना खाली काटे लावलेले, तरी रेलिंग सोडवत नाही. मग झाडं विरळ होतात आणि समोर कडा येतो. कड्यावर बर्फ आहे म्हणण्यापेक्षा, कडाच वितळून ओघळला आणि तसाच राहिला असं वाटतं. मेणबत्तीवरून मेण उतरतं ना, अगदी तसं. फक्त इथे मेणबत्ती पन्नास-साठ मीटर उंच आहे.

इथल्या धबधब्यांना गमतीदार नावं आहेत. एकाचं नाव ‘मम्मुत्ती’, म्हणजे मॅमथ. एक ‘यास्का योकुनेन’. हे आपल्या ‘पीनट्स’ कॉमिक्समधल्या चार्ली ब्राऊनचं फिनिश नाव! आणि एक ‘रुस्केआ व्हिर्ता’, तपकिरी प्रवाह. तो खरंच तपकिरी आहे, अगदी कोऱ्या चहाच्या रंगाचा. वरच्या दलदलीतून येणारं पाणी कुजलेल्या पाल्याचा अर्क आणि लोह घेऊन येतं आणि त्या रंगासकट गोठतं. त्याच्या शेजारचा बर्फ मात्र निळा. जाड, घट्ट बर्फातून जाताना प्रकाशातला लाल भाग शोषला जातो आणि निळा उरतो. जिथे हवेचे बुडबुडे अडकलेत तिथे दुधासारखा पांढरा. एकाच कड्यावर तिन्ही शेड्स. फोटोशॉपची गरज नाही.

आता खरी गंमत. ‘गोठलेला धबधबा’ म्हटल्यावर आपल्याला वाटतं, धो धो पाणी पडत होतं आणि एका रात्री कुणीतरी पॉज बटण दाबलं. तसं काही नसतं. धो धो पाणी सहजासहजी गोठत नाही. एक ग्रॅम पाण्याचा बर्फ व्हायचा तर त्यातून सुमारे ८० कॅलरी उष्णता बाहेर निघून जावी लागते. मोठा प्रवाह तेवढी फुरसत देतच नाही. कोरोउओमात मोठा प्रवाह नाहीच. खडकाच्या फटींतून, दलदलीच्या कडेवरून पाणी थेंबाथेंबाने, पातळ पापुद्र्यासारखं पसरत खाली येतं. पापुद्रा गोठतो. त्यावरून दुसरा येतो, तोही गोठतो. हिवाळा सुरू झाल्यापासून वसंतापर्यंत हेच काम चालू. म्हणजे हा थांबलेला धबधबा नाहीच, हा रोज वाढणारा धबधबा आहे. पाणी इवलंसं, मेहनत सगळी थंडीची.

बर्फ ऐकायचा असतो

आमच्या गाइडने सगळ्यांना गप्प केलं आणि भिंतीच्या एका सुरक्षित बाजूला उभं केलं. (टांगलेल्या सुळ्यांच्या खाली उभं राहायचं नाही, हा इथला पहिला नियम.) दोन मिनिटं काहीच नाही. ऑफिसमध्ये एसीची घरघर, घरी फ्रिजची, रस्त्यावर हॉर्न. इतकी शांतता कानांना ओळखताच येत नाही. मग हळूच आवाज आला. बर्फाच्या आतून, कुठूनतरी खोलवरून, पाणी चाललं होतं. बारीक, सलग.

वर एक क्लाइंबर दिसत होता, भगव्या जॅकेटमधला ठिपका. कोरोउओमा आइस क्लाइंबिंगसाठी युरोपभर माहीत आहे. दोन्ही हातांत बर्फात रुतवायची हत्यारं, बुटांना पुढे आलेले दात. ठक्... ठक्... असा आवाज दरीभर घुमतो. तो मध्येच थांबायचा, हत्याराने बर्फ हलकेच ठोकून बघायचा. पोकळ वाजला की दुसरी जागा. त्याचं सगळं वजन त्याच पापुद्र्यांवर होतं.

उणे चोवीसमध्ये कॉफी ब्रेक

उतारानंतर भूक लागतेच. दरीत ‘लाव्हू’ आहे, म्हणजे तीन बाजू बंद आणि एक उघडी असा लाकडी निवारा, समोर शेकोटीची जागा. सरपण सरकारी वनखात्याने ठेवलेलं, फुकट. कुऱ्हाडही तिथेच. नियम एकच: लागेल तेवढंच फोडा आणि मागून येणाऱ्यासाठी कोरडी लाकडं ठेवून जा. वॉचमन नाही, पावती नाही, सीसीटीव्ही तर नाहीच. तरी लाकडं रचलेली असतात.

काजळलेल्या किटलीत कॉफी उकळते. फिनिश माणूस जगातल्या सगळ्यात जास्त कॉफी पिणाऱ्यांपैकी आहे आणि या थंडीत त्याचं कारण लगेच पटतं. काडीला खोचून भाजलेलं ‘मक्कारा’ म्हणजे सॉसेज. शाकाहारी असाल तर दातांखाली कुरकुरणारं ‘लेइपायूस्तो’ चीज शेकोटीवर गरम करून घ्या, पनीरच्या जवळचं आहे. तेवढ्यात एक करडा-तांबूस पक्षी अगदी हाताजवळ येऊन बसतो. सायबेरियन जे. फिनिशमध्ये कूक्केली. माणसाला जराही न भिणारा. तो तुमच्याकडे बघत नसतो, सॉसेजकडे बघत असतो!

थंडीचं काय होणार?

शेकोटीपाशी गप्पा शेवटी हवामानावर आल्याच. गाइड लोक इथे आठवडाभर आधीपासून तापमानाचे आकडे बघत असतात. ही सगळी इमारत थंडीवर उभी आहे, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

फिनलंडच्या हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार, १९७९ पासून आर्क्टिक भाग जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे. याचा अर्थ थंडी संपली असा नाही. ५ जानेवारी २०२४ ला लॅपलंडमधल्या एनोन्तेकिओला उणे ४४.३ अंश नोंदले गेलेच. पण कोरोउओमाला एका रात्रीचा विक्रम पुरत नाही. त्याला सलग, चिकाटीची थंडी लागते. मध्येच चार दिवस पारा शून्याच्या वर गेला की वरचे थर सैल होतात, सुळे कोसळतात, क्लाइंबर घरी बसतात.

यात आपलाही वाटा आहे. थंडीने बांधलेली भिंत बघायला आपण विमानात बसून अर्धं जग ओलांडतो. याला सोपं उत्तर माझ्याकडे नाही. पण ‘सात दिवसांत पाच देश’ करण्यापेक्षा एकच देश नीट बघणं, हेलसिंकीहून वर जाताना विमानाऐवजी रात्रीची ट्रेन घेणं, एवढं तर हातात आहे. आणि खरं सांगू? सांताबरोबरचा फोटो मी मित्रमैत्रिणींना पाठवला, त्यांनी लाइक केला, विषय संपला. बर्फाच्या आतल्या पाण्याचा आवाज रेकॉर्ड करायला गेले तर फोनची बॅटरी थंडीने कधीच मान टाकली होती. तो आवाज कुणाला पाठवता येत नाही. तो ऐकायचा तर तिथे जाऊन गप्पच उभं राहावं लागतं, आणि थंडी टिकलेली असावी लागते.

जाताय? हे वाचा

कधी: धबधबे साधारण डिसेंबर ते मार्च चांगले बांधलेले असतात. डिसेंबरच्या शेवटी दिवस जेमतेम दोन-तीन तासांचा, त्यामुळे फेब्रुवारी-मार्च बेस्ट. थंडी असते आणि उजेडही.

कसे: शेंगेन व्हिसा घेऊन हेलसिंकी, तिथून विमानाने किंवा रात्रभराच्या ट्रेनने रोव्हानिएमी. पुढे गाइडसह डे टूर. बर्फात गाडी चालवायची सवय नसेल तर स्वतः ड्राइव्ह करण्याचा हट्ट नको.

काय घालाल: अंगाला लागून लोकरीचं थर्मल, वर फ्लीस, त्यावर वारा अडवणारं जॅकेट. कॉटन अजिबात नको, घाम धरून ठेवतं आणि मग तोच घाम गारठवतो. बूट एक नंबर मोठे घ्या, म्हणजे दोन मोजे मावतील.

काय न्याल: थर्मास, सुकामेवा, बुटांना लावायचे काटे (टूरवाले बहुतेक वेळा देतात) आणि फोन अंगाच्या उबेत, आतल्या खिशात.

काय टाळाल: गोठलेल्या भिंतीखाली उभं राहून सेल्फी. सुळे पडताना आवाज देत नाहीत.