बुडत्याच्या अंगावर पाणी

आधी एक गिटार थरथरते. मागून ड्रम बेतानं पाय टाकतो, आणि मग जेम्स कार गायला लागतो. दोन माणसांचं चोरटं प्रेम, भेटायची जागा अंधारातली, आणि आज ना उद्या पकडले जाण्याची खात्री. एवढा ऐवज हाती आल्यावर दुसऱ्या कुणी पहिल्याच ओळीत गळा मोकळा सोडला असता. कार सोडत नाही. तो जवळजवळ बोलण्याच्या पट्टीत गातो, शब्द पुरता उच्चारतो, आणि ओळ संपली की तिथंच थांबतो. त्या थांबण्यात एक गोष्ट लक्षात येते. या माणसाकडे फार मोठा आवाज आहे, आणि तो आपल्याला कळतो तो त्यानं वापरला नाही म्हणून.

गाण्याचं नाव ‘द डार्क एंड ऑफ द स्ट्रीट’, साल 1967, लांबी अडीच मिनिटांच्या आसपास. ‘सदर्न सोल’ (अमेरिकेच्या दक्षिणेतलं सोल संगीत) हा शब्द ज्यांनी कधी ऐकला नाही त्यांनाही हे गाणं कुठून तरी माहीत असतं. गाणारा मात्र माहीत नसतो.

कारचा जन्म 13 जून 1942चा, मिसिसिपीच्या कोआहोमा परगण्यातला. म्हणजे ज्या कापसाच्या मुलखात ब्लूज वाढला, त्याच मातीतला. घर लहानपणीच मेम्फिसला आलं. वडील बॅप्टिस्ट धर्मोपदेशक. मुलगा चर्चमध्ये गायला लागला आणि पुढे ‘हार्मनी इकोज’सारख्या गॉस्पेल मंडळींत उभा राहिला. त्या गायकीची शिस्त आपण समजतो त्याहून कडक असते. चार-पाच जण सूर धरून असतात, पुढचा एक जण आळवत असतो आणि समोरची मंडळी हळूहळू तापत जातात. सुरुवातीलाच सगळं उधळून टाकलं तर पुढं द्यायला काही उरत नाही. कधी राखायचं आणि कधी सोडायचं हे तिथं शिकवावं लागत नाही. चुकलं की समोरचे बाक थंड पडतात, तेवढं पुरतं.

चर्चमधला हा आवाज जेव्हा बाहेरच्या गाण्यांत आला, तेव्हा तो एकटा आला नाही. पापपुण्याचा सगळा हिशेब बरोबर घेऊन आला. दक्षिणेतल्या सोल संगीतात परक्याच्या बायकोवर किंवा नवऱ्यावर जडलेल्या प्रेमाची गाणी अमाप आहेत. इतरत्र असल्या गाण्यांत एक डोळा मिचकावलेला असतो. इथं गाणाऱ्याला पाप हे खरोखरच पाप वाटतं. प्रेमही तितकंच खरं वाटतं. दोन्ही पारडी भरलेली, आणि एकातलं काढून दुसऱ्यात टाकायची सोय नाही. कारच्या गाण्याचा पीळ मला इथं सापडतो. तो माफी मागत नाही आणि फुशारकीही मारत नाही. निकाल आधीच लागलेला आहे, आता फक्त तो वाचून दाखवायचा आहे, असं त्याचं गाणं असतं.

त्याला लोकांपुढे आणलं ते रूझवेल्ट जेमिसन या माणसानं. जेमिसन रक्तपेढीत काम करायचा, गाणी लिहायचा आणि मेम्फिसमधल्या होतकरू गायकांना धरून ठेवायचा. क्विंटन क्लाँच नावाचा एक गोरा गृहस्थ दिवसा लोखंडी सामान विकत फिरायचा आणि उरलेल्या वेळात रेकॉर्ड काढायचा. ‘डॉक’ रसेल या औषधविक्रेत्याला भागीदार करून त्यानं 1964 साली ‘गोल्डवॅक्स’ कंपनी काढली होती. एका रात्री उशिरा जेमिसन त्याच्या दारावर येऊन थडकला. बरोबर दोन गायक आणि एक टेपरेकॉर्डर. दिवाणखान्यात जमिनीवर बसून टेप ऐकली गेली. क्लाँच हा किस्सा पुढे आयुष्यभर सांगत राहिला. त्या दोघांतला एक ओ. व्ही. राइट, दुसरा जेम्स कार. एका दारावरच्या एका थापेनं दक्षिणेचे दोन थोर गळे मिळावेत, आणि तेही खिळेमोळे विकणाऱ्या माणसाला! मोठ्या कंपन्यांना त्या रात्री शांत झोप लागलेली असणार.

पहिली काही वर्षं फारसं काही घडलं नाही. मग 1966 साली ‘यू हॅव गॉट माय माइंड मेस्ड अप’ आलं आणि कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या रिदम अँड ब्लूज यादीत सातव्या क्रमांकापर्यंत चढलं. त्याच साली पर्सी स्लेजचं ‘व्हेन अ मॅन लव्हज अ वूमन’ साऱ्या अमेरिकेत पहिलं आलं होतं आणि ओटिस रेडिंग ऐन भरात होता. कारची तुलना ओटिसशी होत आली आहे आणि ती चूक नाही. पण दोघांना पाठोपाठ ऐकावं. ओटिस शब्दाला धक्के देतो, तोच शब्द पुन्हापुन्हा फेकतो, अंगानं गातो. ऐकणारा त्याच्याबरोबर उभा राहतो. कारला मंचाची गरजच वाटत नाही. त्याचा आवाज खालून, छातीतून येतो, जाड आणि काळसर, आणि ओळीच्या शेवटी किंचित चिरतो. ती चीर तो लपवत नाही आणि मिरवतही नाही. ओटिस आपलं दुःख आपल्याला देतो. कारचं दुःख त्याच्यापाशीच राहतं, आपण फक्त ते चालू असताना तिथं हजर असतो.

‘डार्क एंड’चा जन्म मात्र अगदीच ऐहिक. नॅशव्हिलमध्ये रेडिओ निवेदकांचं संमेलन भरलं होतं. डॅन पेन आणि चिप्स मोमन हे दोघे गोरे गीतकार पत्त्यांचा डाव टाकून उठले. फसवणुकीचं सर्वांत चांगलं गाणं आपण लिहायचं, असं त्यांनी बरेच दिवस मनात धरलं होतं. बसायला खोली हवी होती. क्लाँचनं आपली खोली दिली, एका अटीवर: गाणं जेम्स कारला मिळालं पाहिजे. अर्ध्या तासात गाणं तयार झालं. पुढं रिदम अँड ब्लूज यादीत ते दहावं आलं. देशाच्या सर्वसाधारण यादीत सत्त्याहत्तराव्या पायरीवर अडकलं.

गाणं बाहेर आलं तेव्हा मेम्फिस ज्या राज्यात आहे त्या टेनेसीत काळ्या आणि गोऱ्या माणसांनी एकमेकांशी लग्न करणं बेकायदा होतं. असे कायदे असलेल्या सोळा राज्यांत टेनेसी होतं. 12 जून 1967 रोजी लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ते सगळे कायदे मोडीत काढले. गीतकारांच्या मनात असलं काही नव्हतं, त्यांना फक्त एक फक्कड चोरटं गाणं हवं होतं. पण दिवसाउजेडी समोरासमोर आलो तर ओळख दाखवू नकोस, असं एका काळ्या माणसानं मेम्फिसमध्ये, त्या वर्षी गायलं की शब्दांखालची जमीन बदलते. कुणाचा तरी नवरा, कुणाची तरी बायको एवढ्यावर ती भीती थांबत नाही. आपल्याला हुडकून काढतील, हे तो पुन्हापुन्हा म्हणू लागतो तिथं गाण्यात पहिल्यांदा आवाज चढतो. अडीच मिनिटांत एवढीच एक जागा त्यानं राखून ठेवली होती, आणि ती प्रेमासाठी नव्हती, भीतीसाठी होती. पेनचं लेखणीतलं कसब इथवर आणतं. ही जागा कुठं खर्चायची हे ठरवणं गायकाचं.

नंतर हे गाणं किती जणांनी गायलं! पोर्टर वॅगनर आणि डॉली पार्टननं 1968 साली त्याचं युगुलगीत केलं. दोघंही हजर, दोघंही बोलतात, त्यामुळे गुन्हा वाटून घेतला जातो. कारच्या गाण्यातली बाई एक शब्दही बोलत नाही. ती येते की नाही, तिला हे सारं तितकंच पोळतं की नाही, आपल्याला कळत नाही. क्लॅरेन्स कार्टरनं 1969 साली त्यावर एक लांबलचक मिस्कील प्रवचनच दिलं, पशुपक्षी आणि डासांच्या प्रणयापासून सुरू होणारं, आणि मूळ गाणं शेवटी चवीपुरतं गायलं. त्याच वर्षी फ्लाइंग बरिटो ब्रदर्सनं ते कंट्री संगीताच्या मळ्यात नेलं. अरीथा फ्रँकलिननं 1970मध्ये त्याला आपल्या ताकदीनं उचललं, लिंडा रॉनस्टॅटनं 1974मध्ये निर्मळ गळ्यानं गायलं. 1991च्या ‘द कमिटमेंट्स’ चित्रपटात डब्लिनच्या पोरांनी ते गायलं आणि नवी पिढी त्यावर लुब्ध झाली. प्रत्येकानं गाण्याला काहीतरी दिलं. कारनं काही न देता जे साधलं, ते कुणाच्या हाती आलं नाही. खुद्द पेनचं मतही तेच: या गाण्याचा खरा गायक एकच.

मग हा माणूस गेला कुठं? त्याला मनाचा मोठा आजार होता, उन्माद आणि खिन्नता यांत हेलकावे खायला लावणारा. गर्दी, प्रवास, मुलाखती त्याला झेपत नसत. रेकॉर्डिंगला येऊन गप्प बसून राहण्याचे प्रसंग वाढत गेले. एप्रिल 1968मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची मेम्फिसमध्येच हत्या झाली आणि काळ्या-गोऱ्यांनी एका खोलीत बसून गाणी करण्याचा जुना सैलपणा त्या शहरातून ओसरू लागला. सत्तरच्या दशकाच्या उंबरठ्यावर गोल्डवॅक्स मिटली. लहान कंपनीचा गायक कंपनीबरोबरच बुडतो: रेकॉर्ड दुकानातून नाहीशा होतात, रेडिओवाले नवं लावतात, आणि दौरे करून नाव जागं ठेवणं कारला शक्य नव्हतं. 1979 साली जपानमध्ये जाणकार श्रोते त्याची वाट पाहत होते. तिथं औषधांच्या अमलाखाली तो मंचावर थिजून उभा राहिला. 1991मध्ये क्लाँचनं त्याच्याकडून पुन्हा एक अल्बम करवून घेतला. 7 जानेवारी 2001 रोजी फुप्फुसाच्या कर्करोगानं तो मेम्फिसमध्ये वारला, वय अठ्ठावन्न.

ही हकीकत कळली की एक मोह होतो, आणि त्याच्यावर लिहिणारे बहुतेक जण त्या मोहाला बळी पडतात. आजार आवाजात ऐकू येतो म्हणायचं. मंचावर थिजलेला माणूस बारा वर्षं आधीच्या गाण्यात शोधायचा आणि सापडला की हळहळायचं. मला हे त्याच्यावर अन्याय करणारं वाटतं. दुःख असणं आणि दुःख गाता येणं यांत अख्ख्या कलेचं अंतर आहे. मेम्फिसमध्ये त्या काळी दुःखी माणसांना तोटा नव्हता. चोवीस-पंचवीस वर्षांच्या या पोरानं मात्र श्वास कुठं तोडायचा, कुठला शब्द तालाच्या मागे रेंगाळू द्यायचा, कुठली ओळ सपाट सोडायची याचे निर्णय अचूक घेतले. आजारानं त्याच्याकडून गाणी हिरावून नेली, दिली नाहीत. त्याच्या दुर्दैवाला श्रेय देणं म्हणजे ज्या चोरानं घर लुटलं त्यालाच घर बांधल्याची मजुरी देणं.

आणि पुरावा हवा असेल तर 1966चंच दुसरं गाणं लावावं, ‘पोअरिंग वॉटर ऑन अ ड्राउनिंग मॅन’. प्रेयसीनं इतकं छळलंय की आता तू बुडत्याच्या अंगावर पाणी ओततेयस, अशी त्यातली तक्रार. कल्पनेतच एक कडवट विनोद आहे, आणि कार तो नेमका पकडतो. ब्रास बँड उसळत असतो, ताल चालता असतो, आणि हा माणूस स्वतःच्या हालांकडे बघून भुवई उंचावल्यासारखा गातो. इथं तो बुडतोय याची त्याला पुरती जाणीव आहे, आणि ती परिस्थिती हास्यास्पद आहे याचीही. केवळ सोसणाऱ्याला हे जमत नाही. त्यासाठी सोसण्यापासून दोन पावलं मागे उभं राहून त्याच्याकडे पाहता यावं लागतं.

गोल्डवॅक्सवरचे दोन अल्बम आणि काही सुटी गाणी, एवढीच त्याची खरी मिळकत. लंडनच्या केंट लेबलनं ती पुन्हा नीट छापली, त्यामुळे आज शोधली तर सापडतात. बहुतेक जण ‘डार्क एंड’पासून सुरुवात करतात आणि तिथंच थांबतात, आणि मग कार म्हणजे अंधार, कार म्हणजे शोकांतिका हा शिक्का पक्का होतो. नव्या माणसाला मी दुसरं गाणं आधी ऐकवतो. बुडताना विनोद सुचणारा गायक एकदा कानात बसला की अंधारातला गायक बिचारा वाटत नाही, उस्ताद वाटतो.