घाटात गाडी लागते तेव्हा

पुणे

चि. धाकट्या बंधूस,

या सुट्टीत पुण्याहून वाईमार्गे पाचगणी-महाबळेश्वरला सहकुटुंब मोटारीने जाण्याचा बेत घरात पुन्हा ठरत आहे, आणि गेल्या खेपेस पसरणी घाटात धाकट्या मुलीला गाडी लागून सगळा प्रवास विस्कटला, तसे या वेळी होऊ नये अशी सर्वांचीच इच्छा आहे. गाडी लागणे म्हणजे वाहनाच्या हालचालीमुळे जांभया येणे, तोंडाला पाणी सुटणे, चेहरा पांढरा पडून घाम फुटणे, मळमळणे आणि शेवटी उलटी होणे. उलटी पोटातून होते म्हणून दोष पोटाला आणि सकाळच्या मिसळीला दिला जातो. परंतु या विकाराचा उगम कानात आणि मेंदूत आहे, आणि तो नीट समजून घेतल्याशिवाय प्रवासाची आखणी बदलणार नाही.

आतल्या कानात, ऐकण्याच्या इंद्रियाला लागूनच, तोल सांभाळणारे इंद्रिय असते. त्यात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके वळले की आतला द्रव क्षणभर मागे रेंगाळतो आणि त्यावरून मेंदूला वळणाची वर्दी मिळते. नलिकांशेजारच्या दोन लहान पिशव्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक असतात व ते वेगातील चढउतार आणि शरीराचे कलणे टिपतात. मागे बसलेल्या मुलाच्या डोळ्यांपुढे मात्र पुढच्या सीटची पाठ किंवा हातातला मोबाइल असतो, म्हणजे शरीर वळत असल्याचे कान सांगत असताना डोळे सर्व काही स्थिर असल्याची ग्वाही देतात. या विसंगतीतून मळमळ उद्भवते, ही उपपत्ती रीझन आणि ब्रँड या अभ्यासकांनी १९७५ साली ग्रंथरूपाने विस्ताराने मांडली आणि ती आजही सर्वाधिक मान्य आहे. मेंदू उलटीच का घडवतो, याविषयी मिशेल ट्रीझमन यांनी १९७७ साली असे सुचवले की विषबाधेतही इंद्रियांचा मेळ असाच बिघडत असल्यामुळे मेंदू पोटात विष गेल्याचा समज करून घेतो व ते बाहेर टाकू पाहतो. हे अद्याप गृहीतकच आहे. निर्विवाद गोष्ट एवढीच की ज्यांच्या दोन्ही कानांतील तोलाचे इंद्रिय पूर्णपणे निकामी असते, त्यांना गाडी लागत नाही. तेव्हा ज्या मुलीला ती लागते तिचे इंद्रिय धडधाकट आहे, आणि तिला नाजूक ठरवणे किंवा गाडीत घाण केल्याबद्दल रागावणे हा तिच्यावर अन्याय आहे.

दोन वर्षांखालच्या बाळांना हा त्रास सहसा होत नाही, तर दोन ते बारा या वयात तो सर्वांत जास्त आढळतो. प्रौढांमध्ये पुरुषांपेक्षा स्त्रियांना आणि अर्धशिशी असणाऱ्यांना तो अधिक होतो. गाडी चालवणाऱ्याला तो क्वचितच होतो, कारण वळण येण्यापूर्वीच त्याची नजर आणि मान त्यासाठी सज्ज झालेली असते. आणि नेमक्या याच कारणाने मागच्यांचे काय होत आहे ते त्याला जाणवत नाही.

पुणे-महाबळेश्वर अंतर सुमारे १२० किलोमीटर असले तरी त्रास त्यावर सारखा वाटलेला नाही. कात्रज, शिरवळ, खंबाटकी हा महामार्ग रुंद आहे. सुरूर फाट्याला तो सोडून वाई ओलांडली की पसरणी घाट सुरू होतो आणि वळणामागून वळण येऊ लागते. खाली धोमच्या जलाशयाचे पाणी दिसते, मुले ते पाहण्यासाठी मान मागे वळवतात, तोच गाडी उलट्या दिशेने वळते आणि पाणी दुसऱ्या खिडकीत जाते. मग मानही तिकडे वळते. गाडी एका दिशेने आणि डोके दुसऱ्या दिशेने वळले की मळमळ आणखी वाढते. म्हणून घाटाची शोभा सुरक्षित जागी गाडी थांबवून पाहावी, आणि गाडी चालू असताना नजर समोरच्या रस्त्यावर ठेवावी.

वेगाचा विचार तर सर्वांत आधी व्हावा. वळणावर शरीराला बाहेर ढकलणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट केला तर जोर चौपट होतो. ताशी ४० ऐवजी ३० किलोमीटर वेगाने तेच वळण घेतले तर तो जवळजवळ निम्म्यावर येतो. एवढ्याने संपूर्ण घाटात फार तर काही मिनिटे जास्त लागतात.

या डोंगरावर पूर्वी माणसे आजारातून उठण्यासाठी येत असत, हेही येथे ध्यानात घ्यावे. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८ च्या सुमारास महाबळेश्वर आरोग्यस्थान म्हणून उभारण्यास चालना दिली, डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी पाचगणीला क्षयरुग्णांसाठी बेल एअर आरोग्यधाम काढले, आणि १९४४ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमधून सुटल्यानंतर गांधीजी प्रकृती सुधारण्यासाठी काही काळ पाचगणीस राहिले. हवा तीच आहे. तिथवर पोहोचण्याची घाई मात्र नवी आहे.

औषधांपैकी अॅव्होमिन या नावाने मिळणारे प्रोमेथाझिन सर्वांना परिचित आहे, पण ते बहुधा उशिरा दिले जाते. मळमळ सुरू झाली की जठर रिकामे होण्याची क्रिया मंदावते आणि गोळी तिथेच पडून राहते, म्हणून ती घाटापूर्वी किमान तासभर घ्यावी लागते. मुलीसाठी मात्रा डॉक्टरांनाच विचारावी, दोन वर्षांखालील मुलांना ही गोळी मुळीच देऊ नये, आणि तिने झोप येत असल्यामुळे गाडी चालवणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये. आल्याने काही जणांना थोडा गुण येतो, तेव्हा आलेपाक जवळ असावा. निघताना पोट रिकामेही नको आणि तुडुंबही नको. मऊ भात किंवा इडली पुरे. गाडी थांबल्यावर काही तासांतही उलट्या थांबल्या नाहीत, ताप आला किंवा डोके असह्य दुखू लागले, तर ते गाडी लागणे नव्हे असे समजून थेट डॉक्टर गाठावा.

शेवटचा मुद्दा आईचा. प्रत्येक सहलीच्या वेळी "गाडी लागते बाई, तुम्ही जाऊन या" असे म्हणून ती मागे राहते आणि चार दिवसांच्या दुधाचा व फुलपुडीचा हिशेब सांभाळते; तिचा नकार इतका सवयीचा झाला आहे की आता तिला कोणी विचारतही नाही. अशी एक तरी बाई बहुतेक प्रत्येक मराठी घरात असते आणि तिने महाबळेश्वर फक्त फोटोंत पाहिलेले असते. सहलीचे वेळापत्रक घरातल्या सर्वांत लवकर मळमळणाऱ्या माणसावरून ठरवले, तर आई आणि धाकटी या दोघींनाही ती सहल निभावेल. तेव्हा आईला पुढची सीट द्यावी, धाकटीला मागे मधोमध पट्टा लावून बसवावे म्हणजे तिला समोरचा रस्ता दिसेल, वाईला ढोल्या गणपतीपाशी कृष्णेच्या घाटावर निवांत तासभर थांबावे, पसरणी घाटात मोबाइल पिशवीत ठेवावेत, आणि महाबळेश्वरला दुपारच्या जेवणाची वेळ कोणाला कळवू नये. आईला विचारण्याचे काम मात्र फोनवर न उरकता घरी येऊन करावे.