दुखणे सोबत घेऊन समुद्रावर

आमचे सुलतानपूर लोणार तालुक्यात, मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. समुद्र आम्हाला भूगोलाच्या पुस्तकातला. खारे पाणी मात्र शेजारीच आहे. २०२० च्या जूनमध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले, त्याची छायाचित्रे जगभर गेली. मी ते काठावरूनच पाहिले. सरोवर सुमारे दीडशे मीटर खोल विवरात आहे, आणि तोवर मला आमवात जडून चार वर्षे झाली होती. उतरणे एक वेळ जमेल, चढून येणे नाही.

वाचक भगिनींनो, आमवात म्हणजे म्हातारपणी गुडघे झिजतात तो नव्हे. यात शरीराची रोगाशी लढणारी शक्तीच स्वतःच्या सांध्यांवर उलटते. पुरुषांपेक्षा बायकांत हे दुखणे दोन-तीन पटींनी जास्त. सकाळी बोटे वळत नाहीत, चहाचा कपही दोन्ही हातांनी धरावा लागतो. दुपारी तीच बाई भाकरी थापताना दिसते, मग लोक म्हणतात, सोंग करते. तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वेदनेला जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून लागू झालेल्या रोगांच्या यादीत स्वतंत्र जागा दिली आहे. आपल्याकडच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, पण नुसत्या दुखण्याला त्यात जागा नाही. म्हणजे दाखवायला प्रमाणपत्रही नाही.

पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलीने मुंबई-गोवा जहाजाची तिकिटे काढली, तेव्हा शेजारच्या आजी म्हणाल्या, "पैसे खर्चून दुखनं फिरवाले नेतं का वं? इथं दुखते तं तिथं न्हाई दुखनार?"

प्रश्न खोटा नव्हता. पण आजवर मी गावाबाहेर पडले ती लग्नाला, मौतीला, दवाखान्यात, नाहीतर सहा डिसेंबरला दादरला. समुद्र पाहिला तोही चैत्यभूमीच्या गर्दीत, उभ्याने. नुसते बसण्यासाठी कुठे जायचे असते, हे आमच्या घरात कुणाला ठाऊकच नव्हते.

खरी परीक्षा जहाजाच्या आधीच असते. २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट झाले, ते चांगलेच झाले. पण जागा पुढची धरावी; मागच्या चाकावर बसलात तर प्रत्येक खड्डा कमरेत मोजता येतो. जालन्याहून रात्रीची देवगिरी धरली. रेल्वेत ४५ वर्षांवरील बायकांसाठी खालच्या बर्थचा कोटा आहे, तो तिकीट काढतानाच मागावा. मुंबईत उतरून आम्ही लगेच जहाज गाठले नाही. एक दिवस नातलगांकडे मी नुसती पडून राहिले. तो मोकळा दिवस नसता तर पुढचे सगळे दिवस वाया गेले असते.

पूर्वी गोव्याच्या बोटींत लोक डेकवर पथारी टाकून जात. आताची जहाजे सहलीची. २०१८ मध्ये 'आंग्रिया' सुरू झाली, ती करोनाकाळात थांबली. २०२१ च्या सप्टेंबरपासून 'एम्प्रेस' हे दोनशे मीटरहून लांब जहाज मुंबईहून जाऊ लागले. मुलीने चाकांच्या खुर्चीची मागणी आधीच नोंदवली होती. धडधाकट दिसणाऱ्या बाईने खुर्चीत बसायचे, याचे ओशाळेपण मला फाटकापासून खोलीपर्यंत पुरले.

खोली घ्यावी ती मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची, लिफ्टजवळची. तिथे डुलणे कमी लागते. जहाज हलते ते डोळ्यांना दिसत नाही, गुडघ्यांना कळते. तोल सावरून सावरून संध्याकाळी पोटऱ्या भरून येतात. मला सगळ्यांत आवडले ते तिथले कठडे. लांबलचक बोळांच्या भिंतींना कठडे, जिन्यांना कठडे. आणि रात्री वारा सुटला तेव्हा चांगले तगडे गडीही ते धरूनच चालत होते. माझ्यात नि त्यांच्यात त्या रात्री काही फरक नव्हता. लिफ्टमध्ये मात्र एका बाईंनी विचारले, "तुम्हाला काय झालंय? ठीक तर दिसता." मी बोटे दाखवली. मग आपली पाठ किती दुखते, ते त्यांनी सहा मजले सांगितले.

मुरगाव बंदरात बहुतेक सगळे गोवा पाहायला उतरले. मुलीला मी पाठवले, स्वतः राहिले. जवळजवळ रिकामे जहाज, आरामखुर्ची, अंगावर कोवळे ऊन, समोर झुआरीचे मुख. दुखत होतेच. गोळी घेतली, तिला लागू पडायला लागतो तेवढा वेळ लागला. पण त्या चार तासांत कुणी "चहा टाक" म्हणाले नाही आणि मी कुणासाठी उठले नाही. तीस वर्षांच्या संसारात असे चार तास मला आठवत नाहीत.

जाणाऱ्यांनी औषधे मोठ्या बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावीत, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. आमवातावरची एक गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. प्रवासात वाराचा घोळ होतो आणि ती चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. कागदावर वार लिहून ठेवावा. बोट लागू नये म्हणून देतात त्या गोळ्यांनी गुंगी येते, तेव्हा आपल्या औषधांबरोबर चालतील का, हे आधीच डॉक्टरांना विचारावे. एसीच्या गारठ्याने सांधे आखडतात, त्याला शाल हवीच.

जहाजाचे भाडे सगळ्यांना झेपणारे नाही. आम्हालाही मुलीमुळेच झेपले. इतरांनी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो बोट धरावी. २०२० च्या मार्चमध्ये ती सुरू झाली. तासाभराचा प्रवास, बसायला जागा, आणि समुद्र तोच. पावसाळा टाळावा, दिवाळीनंतरचे दिवस बरे. परतीची बोट कितीची, ते निघतानाच विचारून ठेवा. मांडव्याच्या धक्क्यावर ताटकळणे सांध्यांना परवडत नाही.