तिजोरी कुणाची, हुकूम कुणाचा

८ जून २०२०, मिनियापोलिस
पोलिसाच्या हातून जॉर्ज फ्लॉइडचा जीव गेला त्याला आज दोन आठवडे झाले. काल पाउडरहॉर्न पार्कात सिटी कौन्सिलच्या १३ पैकी ९ नगरसेवकांनी सध्याचं पोलीस खातं मोडीत काढण्याचं वचन दिलं. रात्री सांगलीच्या मामांचा फोन आला. ते एकेकाळी नगरसेवक होते. म्हणाले, "अगं, चौकीला जागा द्यायची आणि चौकीसमोरचा दिवा लावायचा, एवढाच आमचा पोलिसांशी संबंध. बाकी सगळं गृहखात्याकडे. तुमच्या नगरसेवकांच्या हातात नेमकं काय आहे?" प्रश्न नेमका आहे. शहराची सनद वाचायला घेतली.

६ ऑगस्ट २०२०
सनदेतलं उत्तर सरळ आहे. खात्याची उभारणी आणि हुकमत महापौरांकडे. कौन्सिलनं पैसा मंजूर करायचा, तोही दर हजार रहिवाशांमागे किमान १.७ कर्मचारी ठेवता येतील इतका. ही अट १९६१ साली मतदारांनीच घातली. पोलिसांच्या युनियननं तिच्यासाठी प्रचार केला होता. म्हणजे खातं मोडायचं तर आधी सनद बदलायला हवी. काल सनद आयोगानं या बदलाचा विचार करायला १० विरुद्ध ५ मतांनी आणखी वेळ घेतला. त्यामुळे नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर हा प्रश्न येणार नाही.

१० डिसेंबर २०२०
अंदाजपत्रकाची सुनावणी रात्री उशिरापर्यंत ऐकली. एकामागून एक माणसं फोनवरून बोलत होती. कुणाला पोलिसांची भीती वाटते, कुणाला पोलीस वेळेवर न येण्याची. दोन्ही भीती खऱ्या आहेत. शेवटी कौन्सिलनं सुमारे ८० लाख डॉलर पोलिसांकडून काढून मानसिक आरोग्याची पथकं आणि हिंसा रोखण्याचं काम यांकडे वळवले. उद्यानातल्या वचनापुढे रक्कम लहान आहे. पण एखाद्या घरात मनानं ढासळलेल्या माणसापाशी बंदुकीऐवजी समुपदेशक पोहोचला, तर त्या घरापुरती ती फार मोठी आहे.

१२ मार्च २०२१
फ्लॉइड कुटुंबाला २ कोटी ७० लाख डॉलर देण्याचा ठराव कौन्सिलनं एकमतानं मंजूर केला. तिकडे त्या पोलिसाच्या, डेरेक शॉविनच्या, खटल्यासाठी ज्यूरी निवडणं अजून चालूच आहे. पोलिसाच्या गोळीनं मेलेल्या एका स्त्रीच्या कुटुंबाला २०१९ मध्ये २ कोटी डॉलर दिले होते. हुकूम कौन्सिलचा नाही. हुकूम चुकला की पैसे मात्र शहराच्या तिजोरीतून जातात. गेलेला माणूस तर कशानंच परत येत नाही.

३ नोव्हेंबर २०२१
काल मतदान झालं. पोलीस खात्याच्या जागी महापौर आणि कौन्सिल दोघांच्या अखत्यारीतलं सार्वजनिक सुरक्षा खातं आणायचा प्रस्ताव हरला; सुमारे ५६ टक्के लोक विरोधात गेले. त्याच मतपत्रिकेवर महापौरांना अधिक कार्यकारी अधिकार देणारी दुरुस्ती मात्र मंजूर झाली. मला वाईट वाटलं, पण मतदारांना दोष देववत नाही. जुनं काय जाणार ते त्यांना स्पष्ट सांगितलं गेलं. नवं रोज कसं चालेल, हे तितकं सांगितलं गेलं नाही.

२१ जून २०२२
उत्तर भागातल्या काही रहिवाशांनी पोलीस कमी पडतात म्हणून शहरावर दावा लावला होता. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं काल निकाल दिला: कौन्सिलनं पैसे देण्याचं आपलं काम केलं आहे, किमान ७३१ माणसं नेमण्याचं कर्तव्य महापौरांचं. मामांच्या प्रश्नाचं याहून नेमकं उत्तर नाही.

१९ जुलै २०२४
काल पोलीस युनियनचा करार ८ विरुद्ध ४ मतांनी मंजूर झाला. तीन वर्षांत मिळून २१.७ टक्के पगारवाढ. भरती अडली आहे, म्हणून पगार हवा, हे पटतं. पण वाढीच्या बदल्यात शिस्तीच्या अटी आणखी कडक करून घ्यायला हव्या होत्या, हा विरोधकांचा मुद्दाही पटतो. वाटाघाटी प्रशासन करतं. कौन्सिलनं फक्त हो किंवा नाही म्हणायचं. तरी हे 'नाही' म्हणता येणं फार मोठं बळ आहे. करार रोज होत नाहीत, आणि अशा मतदानाच्या दिवशी सभागृह भरलेलं असायला हवं.

२८ मे २०२५
जानेवारीत कौन्सिलनं एकमतानं मान्य केलेला केंद्रीय न्यायखात्याबरोबरचा सुधारणा-करार काल संपला. वॉशिंग्टनच्या नव्या सरकारनं तो मागे घेतला आणि न्यायाधीशांनी प्रकरण काढून टाकलं. पण राज्याच्या मानवी हक्क विभागाबरोबरचा, २०२३ मध्ये न्यायालयानं मंजूर केलेला करार कायम आहे आणि त्यावर स्वतंत्र देखरेखही आहे. वॉशिंग्टननं हात काढले तरी आपल्या शहराच्या सभागृहाचं दार आपल्याला उघडं आहे. डिसेंबरच्या अंदाजपत्रक-सुनावणीत मी बोलणार आहे. प्रश्न आत्ताच लिहून ठेवते: वर्षभरात पोलिसांविरुद्ध आलेल्या तक्रारींपैकी किती निकाली निघाल्या, किती लांबल्या, आणि भरपाईपोटी किती पैसा गेला?