तीन वाहनं आणि एक बोट



मागच्या लेखात मी लिहिलं होतं की चातुर्मास उठला की आम्ही दोघं जहाजाने कोचीला जाणार आहोत. त्यावर बऱ्याच जणींनी विचारलं, जहाजावर जैन जेवण मिळतं का, चौविहार सांभाळता येतो का, उकळलेल्या पाण्याचं काय. हे सगळं मिळालं. आधी लिहून कळवलं होतं, त्यामुळे कांदा-लसूण-बटाट्याविना जेवणाचं टेबल वेगळं होतं आणि सूर्यास्ताच्या आधी वाढायचे. पाण्यासाठी थर्मास घरून नेलेला. सोबत दोन डबे खाकरे आणि मखाणे. तेव्हा ती काळजी नको. मला सांगायचं आहे ते वेगळंच.

आमची पिढीजात पेढी नगरच्या आडते बाजारात होती. किराणा-भुसार. मी १९७९ साली सारडा कॉलेजातून बी.कॉम. झाले आणि पुढच्याच वर्षी या घरात आले. बाबूजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, सुनेने दुकानात बसणं पसंत नव्हतं. पण सुनेचं अक्षर आणि बेरीज पसंत होती. म्हणून रोज संध्याकाळी कीर्द घरी यायची. स्वयंपाक आवरला की मी खतावणी लिहायची. वीस-बावीस वर्षं लिहिली. त्यात दर दोन-तीन महिन्यांनी एक नोंद असायची, ‘मिरी, कोचीन’. गोण्यांवरही तेच नाव काळ्या शाईने छापलेलं. आडते बाजार आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, पण तिथेही मी कामासाठी म्हणून कधी गेले नाही. कोचीन तर नकाशातच.

आता दुकान नाही, मुलं पुण्यात, आणि ह्यांचा उजवा गुडघा पूर्वीसारखा नाही. कोचीला जहाज लागलं त्या दिवशी सकाळी हे पलंगावरून उठतानाच म्हणाले, “माझ्याने चालवणार नाही. तू सगळ्यांच्या बसने जा.” जहाजाची सहल होती. माणशी चार आकडी रक्कम, आणि त्यात कुठे किती वेळ थांबणार हे पाहिलं तर अर्धा वेळ बसमध्ये आणि पाऊण तास कुठल्याशा दुकानात. मी म्हटलं, “मी रिक्षाने जाऊन येते.”

“एकटी?”

हा एक शब्द मी जन्मभर ऐकला आहे. तुम्हीही ऐकला असेल. या वेळी मात्र ह्यांनी तो विचारून झाल्यावर पाकीट उघडलं आणि मोजून दोन हजार रुपये हातावर ठेवले. हिशेब आणशील ना, म्हणाले.

निघण्यापूर्वी मी रोजच्याप्रमाणे चौदा नियम धारले. ज्यांना सवय नाही त्यांच्यासाठी सांगते. आज किती द्रव्यं खाणार, किती विगय, किती कपडे, किती वाहनं, कुठल्या दिशेला किती दूर जाणार, याची सकाळीच मर्यादा ठरवायची. माझ्या सासूबाईंनी तर दिशा-परिमाण व्रत जन्मभरासाठी घेतलं होतं. पश्चिमेला मुंबई, पूर्वेला हिंगणघाट, उत्तरेला इंदूर, दक्षिणेला बेंगळुरू. त्यांच्या दिशा म्हणजे लेकींची आणि नणंदांची सासरं. त्यापलीकडे त्या कधी गेल्या नाहीत आणि जावंसं वाटलं असंही कधी बोलल्या नाहीत. (जहाजावर दिशेचा नियम कसा मोजायचा हा प्रश्न मला रात्रभर पडला होता. आपण झोपलेलो आणि जहाज चालूच!) मी त्या दिवशी वाहनं तीन ठेवली: जहाज, रिक्षा आणि बोट. एका जातीचं वाहन कितीदाही वापरलं तरी एकच, असं आम्ही धरतो. कोचीत बोटीतून खाडी ओलांडता येते हे मी वाचलं होतं. २०२३ पासून तिथे जलमेट्रो म्हणून विजेवर चालणाऱ्या बोटी सुरू झाल्या आहेत. मला त्या बोटीत बसायचं होतं. अगदी लहान मुलीसारखं बसायचं होतं.

आणि बंदराने पहिल्या पाच मिनिटांत माझा नियम खाल्ला. जहाजावरून उतरलं की बंदराच्या फाटकापर्यंत चालू देत नाहीत, त्यांच्या बसमध्येच बसावं लागतं. मी बाकीच्यांबरोबर चढले, सीटवर बसले आणि मग आठवलं. जहाज एक, बस दोन. आता रिक्षा तीन. बोट गेली.

फाटकाबाहेर आल्यावर मन खट्टू झालं होतं, पण रिक्षा मिळाली. जिथे जहाज लागतं ते विलिंग्डन बेट मुळात माणसाने केलेलं आहे. रॉबर्ट ब्रिस्टो नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १९२० नंतरच्या काळात बंदरासाठी खाडी खोल केली, आणि तो उपसलेला गाळ टाकून ही जमीन वर आणली. पुलावरून पलीकडे गेलं की मट्टांचेरी. अरुंद रस्ते, कौलारू उतरती छपरं, आणि रिक्षा थांबायच्या आधीच वास. सुंठ, मिरी, वेलदोडा, ओलं तरट. मैत्रिणींनो, तो वास माझ्या घरच्या कीर्दीला यायचा. पानं उलटताना यायचा. मी रिक्षातून उतरून दोन मिनिटं नुसती उभी राहिले. रिक्षावाल्याला वाटलं मला चक्कर आली.

आधी डच पॅलेस पाहिला. नाव डचांचं, पण बांधला पोर्तुगीजांनी, १५५५ च्या सुमारास, आणि दिला कोचीनच्या राजाला. डचांनी पुढे दुरुस्त केला म्हणून त्यांचं नाव चिकटलं. आत भिंतींवर रामायणाची चित्रं आहेत, दाट, एकात एक गुंतलेली, लालसर पिवळ्या रंगांची. जवळच ज्यू लोकांचं प्रार्थनास्थळ, १५६८ सालचं. खाली निळ्या-पांढऱ्या चिनी फरशा, हाताने रंगवलेल्या. तिथे चपला बाहेर काढून अनवाणी जावं लागतं, ते मला आवडलं. तिथला समाज आता जवळपास सगळा इस्रायलला निघून गेला आहे. फरशा तेवढ्या चकचकीत आहेत.

पण खरं पाहायचं होतं ते त्याच गल्लीत सापडलं: मिरीच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेची इमारत. १९५७ पासून कोचीनला मिऱ्याचा वायदे बाजार भरायचा. वायदा म्हणजे माल हातात नसताना पुढच्या महिन्याचा भाव आज ठरवणं. बी.कॉम.ला त्यावर आख्खं प्रकरण होतं आणि परीक्षेत मी त्यावर पंधरा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. बाबूजी कधीकधी रात्री म्हणायचे, “कोचीनला भाव पडला.” मी विचारायचे, का पडला? ते म्हणायचे, “तू लिही.” पुढे सौदे संगणकावर गेले. तिथे आरडाओरडा नाही. रखवालदार होता, त्याने मला आत का जायचं आहे विचारलं. काय सांगणार? मी म्हटलं, आमचं दुकान होतं. त्याला हिंदी किती कळलं कोण जाणे, पण त्याने खुर्ची पुढे केली. पाच मिनिटं बसले आणि पाणी पिऊन निघाले. बाहेरच्या एका गोदामातून अर्धा किलो मिरी घेतली, घासाघीस करून. दाणा हातावर चोळून पाहिला, जसं बाबूजी करायचे.

चिनी मासेमारीची जाळी मात्र पाहायला गेले नाही. सगळे तिथे फोटो काढतात. पाण्यातून जाळं वर येताना आत काय तडफडतं ते मला पाहवणार नव्हतं. यात कुणाला नावं ठेवत नाही, ते त्यांचं पोट आहे.

बाराच्या आत धर्मनाथ भगवानांच्या देरासरला पोचले. मट्टांचेरीत गुजराती-कच्छी कुटुंबं पिढ्यान् पिढ्या आहेत, मसाल्याच्या व्यापारामुळेच आलेली. त्यांचं हे संगमरवरी मंदिर. आपण स्थानकवासी, आपल्याला मूर्तिपूजा नाही. मी लहानपणापासून पाथर्डी बोर्डाच्या परीक्षा दिलेली, आनंदऋषीजी महाराजांच्या मांडवात वाढलेली. पण परक्या मुलखात ‘जय जिनेंद्र’ कानावर पडलं आणि पाय आपोआप आत गेले. दुपारी तिथे कबुतरांना दाणे टाकतात. घंटा वाजली आणि छपरावरून एकदम सगळा थवा अंगणात उतरला. पंखांचा वारा तोंडावर आला. एक कच्छी बाई, माझ्याच वयाच्या, माझ्या हातावर मूठभर दाणे ठेवून म्हणाल्या, “टाका.” मग कुठल्या, कोणाच्या, मुलं किती, सगळी चौकशी. त्यांना मी एकटी आले आहे याचं काहीच वाटलं नाही. मला ते फार बरं वाटलं.

त्यांनी जेवायला घरी नेण्याचा आग्रह धरला. त्याआधी मी म्हटलं, एक सामायिक करून घेते. आसन आणि मुहपत्ती पिशवीत होतीच. ओसरीवर बसले. अठ्ठेचाळीस मिनिटं. आणि खरं सांगते, इतकी अस्वस्थ सामायिक मी आयुष्यात केली नसेल. माळ फिरत होती आणि मन हिशेब करत होतं: साडेचारच्या आत जहाजावर, फाटकावरून बस, त्याआधी रिक्षा, त्याआधी जेवण. सामायिक घेतली की मध्ये उठता येत नाही, म्हणून बसून राहिले, एवढंच.

त्या बाईंकडे मुगाची डाळ, पोळी, केळ्याची भाजी जेवले. निघता निघता सव्वातीन झाले. रिक्षा थांबवली तर तो म्हणाला पुलावर गाडी बंद पडली आहे, रांग लागली आहे, एक तासही लागेल. मग त्याने स्वतःच जेट्टीकडे बोट दाखवलं. “बोट, अम्मा. जल्दी.” माझं भाडं बुडतं आहे हे त्याच्या मनातही आलं नसावं.

मी रस्त्यात उभी. एकीकडे नियम, दुसरीकडे जहाजावर दुखऱ्या गुडघ्याने कठड्याशी उभा असलेला माणूस. फोन केला तर लागेना. पच्चक्खाणात आगार असतात, म्हणजे संकटाच्या वेळची सूट, हे मला माहीत आहे. पण हे संकट होतं का? की मीच सामायिक, जेवण आणि गप्पांत वेळ घालवून ते आणलं होतं? तिथे उभं राहून याचा निकाल लागणार नव्हता. तीस रुपयांचं तिकीट काढलं, हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हटलं आणि बोटीत चढले.

आणि मैत्रिणींनो, मला फार आनंद झाला. हेच सांगायला मी बसले आहे. खिडकीशी जागा मिळाली. पाणी अगदी हाताशी, उन्हात तांबूस दिसणारं. मट्टांचेरीची जुनी गोदामं मागे मागे जात होती, त्यांची दारं थेट पाण्यात उघडणारी. कधीकाळी आमच्या गोण्या त्यातल्याच एखाद्या दारातून निघाल्या असतील. आमचं जहाज लांबून पांढरं दिसायला लागलं. पश्चात्ताप करायचा होता. मी दहा-पंधरा मिनिटं पश्चात्ताप शोधत होते आणि तो सापडत नव्हता. नियम मोडला याचं दुःख दुसऱ्या दिवशी समुद्रात झालं, तेही प्रतिक्रमणाला बसल्यावर.

चारला जहाजावर. हे खरंच कठड्याशी होते. काही बोलले नाहीत, चहा पुढे केला.

रात्री हिशेब मांडला. रिक्षा, पॅलेसचं तिकीट, मिरी, देरासरात टाकलेले, पाण्याचे काही नाही. हे चष्मा लावून बघत होते. “तीस रुपये कमी पडतात,” म्हणाले. चाळीस वर्षांत माझी रोकड कधी कमी पडली नव्हती. मी बोट लिहिलीच नव्हती. पेन घेतला आणि शेवटच्या ओळीत लिहिली. मग ह्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “सकाळी वाहनं चारच ठेवायची होती.” भुसार व्यापाऱ्याचं उत्तर. आधी तूट धरून चालायचं.

नगरला आल्यावर स्थानकात महासतीजींपुढे आलोचना केली. नियम मोडल्याचं सांगितलं, आणि आनंद झाल्याचंही. त्यांनी विचारलं, “दोन्हींतलं कशाचं प्रायश्चित्त मागतेस?” मला सांगता आलं नाही. त्यांनी जरा वाट पाहिली आणि एक आयंबिल दिलं.

ते येत्या अष्टमीला करणार आहे. आमच्या घरात आयंबिल म्हणजे मीठसुद्धा नाही, नुसतं धान्य आणि पाणी. त्यामुळे कोचीची मिरी तोवर बरणीत. नवमीला सूनबाई पुण्याहून येते आहे. तिच्यासाठी रसम करीन म्हणते.