अहो, आधी नारायणगावला चला!

सापडलं! अहो, सापडलं! काय सापडलं ते सांगतेच, पण आधी चपला घाला, कारण हे घरात बसून सांगण्यासारखं नाहीच!

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकते. मी यातली तज्ज्ञ वगैरे मुळीच नाही! ‘डिजिटल मार्केटिंग’ हे शब्द कुणी उच्चारले की मी चहा टाकायला उठते. जुन्नरजवळ आमचं घरगुती पर्यटन आहे. दोन खोल्या, अंगण, मासवडी, बाजरीची भाकरी आणि अमाप हौस, एवढंच भांडवल! पण धंदा म्हटला की सल्ले आलेच. भाचा म्हणतो, आत्या, इन्स्टावर ये. जाऊबाई म्हणतात, फेसबुकशिवाय कुणी विचारत नाही. पुण्याचा एक पाहुणा जाता जाता म्हणाला, तुम्ही लिंक्डइनवर नाही? अरेरे! आणि मग यूट्यूब आहे, व्हॉट्सॲप आहे, व्हॉट्सॲपचं धंद्याचं वेगळं ॲप आहे, त्यात पुन्हा चॅनेल आहे, आणि मग या सगळ्यांवर रोज काहीतरी टाकायचं म्हटलं तर भाकऱ्या थापायच्या कुणी? मी?!

तर या घोळात असतानाच पाडव्याच्या सुमाराला नारायणगावात काम निघालं, आणि तिथं राहुट्या लागलेल्या!

तुम्ही पाहिल्यात का या राहुट्या? नाही? मग चला, चला! नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी, विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचं गाव. राज्य सरकारचा तमाशासाठीचा जीवनगौरव पुरस्कार त्यांच्याच नावानं दिला जातो! तर चैत्र-वैशाखातल्या गावोगावच्या यात्रांसाठी तमाशा ठरवायला यात्रा कमिट्या इथं येतात आणि त्यांच्यासाठी फडमालक इथं राहुट्या टाकून बसतात. ओळीनं राहुट्या! प्रत्येकीपुढं फलक, फलकावर कलाकारांचे फोटो, आत टेबल, टेबलावर वही आणि वहीशेजारी तारखांची दिनदर्शिका. मी सहज म्हणून डोकावले आणि तिथंच खिळले!

कारण बघा काय चाललं होतं! एका गावचे चार-पाच जण आले. मॅनेजर म्हणाला, “या, बसा पाव्हणं! कुठलं गाव? यात्रा कवा?” बस्स, दोनच प्रश्न! मग तारीख बघितली. मग कलाकार किती, वगनाट्य कुठलं, रात्रीच्या खेळाबरोबर दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी करणार का, यावर घासाघीस. मग ते उठले आणि शेजारच्या राहुटीत शिरले! तिथं भाव काढला, तिसरीकडं चहा घेतला, आणि मग फिरून पहिल्याच राहुटीत येऊन सुपारी दिली! आणि तो शेजारच्या राहुटीतला माणूस रागावला का? छे! त्यानं पुढच्या गावाला “या, बसा” म्हटलं!

आणि फडांची नावं वाचा की जरा! ‘रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर लोकनाट्य तमाशा मंडळ’! कोण, कुणाबरोबर, कुणाचा वारसा, काम काय, सगळं एका ओळीत! लिंक्डइनवर नावाखाली 220 अक्षरांत स्वतःची ओळख लिहायची असते म्हणे आणि माणसं त्यासाठी शिकवण्या लावतात. इथं या, नारायणगावला, फुकट शिका!

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अहो, हे फडवाले प्रत्येक गावच्या पारावर जाऊन जाहिरात करत बसत नाहीत. गिऱ्हाईक जिथं येतं तिथं, ज्या दिवसांत येतं त्या दिवसांत, ते येऊन बसतात. म्हणजे प्रश्न ‘कुठलं ॲप चांगलं’ हा नाहीच! प्रश्न असा की मला काम देणारा माणूस कुठल्या ओळीतून फिरतोय? त्या ओळीत राहुटी टाकायची, संपलं! इतकं सोपं! मी रस्त्यातच “अगं बाई!” असं ओरडले, आणि मग मला काही स्वस्थ बसवेना, जो भेटेल त्याला मी विचारत सुटले की तुमचं गिऱ्हाईक कुठं बसतं?

पहिला सापडला माझा भाऊ. तो टोमॅटोवाला. नारायणगावचा टोमॅटो बाजार तुम्हाला माहीतच आहे, वीस-वीस किलोच्या क्रेटच्या थप्प्या आणि गाड्यांची रांग. 2023 च्या जुलैत याच बाजारात क्रेटनं 2,000 रुपयांची पायरी ओलांडली होती, आठवतंय ना! भावाचा सगळा जीव व्हॉट्सॲपमध्ये. आज आवक किती, भाव काय फुटला, उद्या तोडा करायचा का थांबायचं, मजूर कुणाकडं रिकामे आहेत. हे सगळं आत्ता हवं, संध्याकाळी कळून उपयोग नाही! “आणि फेसबुक?” मी विचारलं. तो म्हणाला, “ताई, फेसबुकवर भाव दिसेस्तोवर माल नासंल!” घ्या! याची राहुटी ठरली!

पण त्यात एक गंमत कळली, ती ऐकाच! व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये आता 1,024 माणसं बसतात. एक हजार चोवीस! अख्खी वाडी मावेल! पण त्यात सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात, आणि सकाळी सकाळी गुलाबाची फुलं येतात ती वेगळीच. त्यापेक्षा ब्रॉडकास्टची यादी केली तर आपला निरोप एकेकाला वेगवेगळा जातो. मात्र ज्यानं आपला नंबर जपून ठेवलाय त्यालाच तो मिळतो! म्हणजे गिऱ्हाइकानं आपलं नाव मोबाईलमध्ये घातलंय की नाही, यावर सगळा खेळ! आता माझ्याकडं कुणी जेवून उठलं की मी हात धुवायला पाणी देते आणि लगेच म्हणते, “माझा नंबर सेव्ह करा बरं!”

आणि मग यूट्यूब! शेजारच्या रोपवाटिकेवाल्या काकांचं गिऱ्हाईक म्हणजे शेतकरी. शेतकरी यूट्यूबवर कधी जातो? पानावर डाग दिसला की! तिथं तो नाव-गाव बघत नाही, ‘टोमॅटो करपा’ एवढं टाकतो आणि ज्याचा व्हिडिओ समोर येतो त्याचं ऐकतो. आणि चमत्कार असा की गेल्या हंगामातला व्हिडिओ या हंगामातही सापडतो! व्हॉट्सॲपचा निरोप दुपारपर्यंत वाहून जातो, यूट्यूबचा टिकतो! म्हणजे ज्याला शिकवून विश्वास मिळवायचाय त्यानं यूट्यूबवर बसावं. काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “औषधाचं मात्र नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारूनच बोलीन, नायतर लोकांचं पीक जायचं.” बघा, किती शहाणा माणूस!

आणि मग मी थेट खोडदला! का? कारण मला लिंक्डइनवाली माणसं बघायची होती! गंमत नव्हे, आपल्या जुन्नर तालुक्यात ती आहेत! खोडदला जीएमआरटी आहे, प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानं उभी राहिलेली महाकाय रेडिओ दुर्बीण. एकेक तबकडी 45 मीटर व्यासाची, अशा 30! द्राक्षांच्या आणि कांद्याच्या रानातून मान वर करून आकाशाकडं बघणाऱ्या! रेडिओचा गोंगाट कमी म्हणून शास्त्रज्ञांनी हा भाग निवडला. आणि आपण इथं बसून मोबाईलवर गोंगाट कुठं करायचा याचा विचार करतोय, हे बरं आहे! आमच्या नात्यातली एक इंजिनिअर पोरगी म्हणाली, “मावशी, आमची नोकरी देणारी माणसं दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या देशात. ती काय नारायणगावच्या एसटी स्टँडवर भेटणारेत?” खरंच की! तिनं कुठं शिकलं, कुठल्या यंत्रावर काम केलं, कोण तिच्याबद्दल चार शब्द लिहितंय, हे लिंक्डइनवर मांडलेलं असतं आणि लांबचा माणूस ते वाचून दार ठोठावतो. 2003 साली सुरू झालेलं हे दुकान. आणि त्याच्या भाषांच्या यादीत आता मराठीसुद्धा आहे! मी लगेच मराठी करून बघितलं! उगीचच! पण काय छान वाटलं!

फेसबुक मला म्हाताऱ्यांचं वाटायचं (मी कोण तरुण लागून गेले!). पण आंबेगावच्या आमच्या दाजींनी डोळे उघडले. जुन्नर-आंबेगावची किती माणसं मुंबईत! मुंबईच्या डबेवाल्यांतच बघा, मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर, हीच सगळी गावं. या माणसांना गावची यात्रा, मंदिराचा जीर्णोद्धार, शाळेचा स्नेहमेळावा, कुणाचा दशक्रिया विधी, सगळं फेसबुकवर कळतं. दाजी मंडपाचा आणि जेवणावळीचा धंदा करतात. लग्न गावाला, पण ठरवणारा भांडुपला! मग राहुटी कुठं? फेसबुकवर! आणि तिथं एक बारकावा आहे. साध्या खात्यावर 5,000 मित्र झाले की दार बंद, धंद्याचं पेज काढलं तर तशी मर्यादाच नाही! दाजींना हे सांगितलं आणि मला उगीच फार हुशार वाटलं!

पण दाजींच्याच तालुक्यात पश्चिमेकडं, डिंभे धरणाच्या वर भीमाशंकरच्या डोंगरात जा, तिथं हिरडा गोळा करणाऱ्या मावशा भेटतील. तिथं काही वाड्यांवर रेंज शोधायला उंच दगडावर चढावं लागतं! हिरड्याचा व्यवहार आठवडे बाजारात आणि ओळखीच्या माणसाच्या तोंडी निरोपावर चालतो. मग त्यांनी कुठलं ॲप निवडायचं? कुठलंच नाही! आणि हीसुद्धा निवडच आहे की! मला तर हे उत्तर सगळ्यात जास्त आवडलं!

राहता राहिले मी. माझं गिऱ्हाईक म्हणजे पुण्या-मुंबईची पोरं आणि त्यांची लेकुरवाळी मित्रमंडळी. 2018 मध्ये जुन्नर हा पर्यटन तालुका जाहीर झाला, शिवनेरी आहे, लेण्याद्री आहे, पावसाळ्यात नाणेघाट आहे. ही मंडळी शुक्रवारी रात्री अंथरुणात पडल्या पडल्या फोटो बघून शनिवार ठरवतात! म्हणजे इन्स्टाग्राम! भाचा बरोबर होता, मेल्याला सांगू नका! मासवडीचं सारण पसरताना, ओल्या फडक्यावर बेसनाची पोळी वळताना आणि दोऱ्यानं कापल्यावर आतली काळसर नक्षी दिसताना, बास, एवढंच दाखवायचं! बोलायचंही नाही!

आणि मग लेण्याद्रीला आलेल्या एका अभ्यासकानं मला जे सांगितलं त्यानं तर मी वेडीच व्हायची राहिले! नाणेघाटात पाण्याची टाकी आहेत ना, त्यातल्या एकावर सातवाहन काळातला लेख आहे. सोपाऱ्याच्या गोविंददासानं हे टाकं दान दिलं, एवढाच! नाव, गाव, केलेलं काम! आणि कुठं कोरलंय? कोकणातून माल घेऊन घाट चढून दमलेले व्यापारी पाणी प्यायला थांबतात, नेमकं तिथं! नालासोपाऱ्याच्या माणसानं आपलं नाव आपल्याच लोकांच्या वाटेवर लावलं! मी इकडं राहुटीचा शोध लावला म्हणून नाचत होते आणि गोविंददासानं सगळं आधीच करून ठेवलेलं!

फक्त एक लक्षात ठेवा, ओळीतली जागा आपली नसते! 2020 चा पाडवा 25 मार्चला होता, आणि त्याच दिवसापासून देश बंद! यात्रा नाहीत, सुपाऱ्या नाहीत, भर हंगामात फड घरी! त्याच वर्षी 29 जूनला टिकटॉकवर बंदी आली आणि एका रात्रीत कितीजणांचे चाहते गायब! ऑर्कुट तर 2014 मध्येच मिटलं. म्हणून फडाच्या मॅनेजरची ती टेबलावरची वही आठवा! गाव, कारभाऱ्याचं नाव, नंबर, तारीख. ॲप कुठलंही असो, वही आपली हवी! मी कालच शंभर पानी आणली, मुखपृष्ठावर शिवनेरी!

आता तुमची पाळी! सुटका नाही! मोबाईल बाजूला ठेवा, कागद घ्या, आणि अलीकडं ज्यांनी तुम्हाला काम दिलं त्या प्रत्येकाला फोन करून एकच विचारा, “तुम्हाला मी सापडले कुठं?” ज्या जागेचं नाव पुन्हा पुन्हा येईल तिथं राहुटी टाका. दुसरी टाकायची तर पहिली चालायला लागल्यावर. बाकीच्या ॲपवर हवं तर नुसतं नाव आणि नंबर लावा आणि खुशाल विसरा! मी हेच केलं, आणि इन्स्टा पक्कं केलं, आणि लिंक्डइन बंद करायला निघाले, आणि मग... थांबा! खोडदला लांबून लांबून शास्त्रज्ञ येतात ना? ते जेवतात काय? त्यांनी मासवडी खाल्ली असेल का?! आणि ते बसतात कुठं, तर लिंक्डइनवर! अगं बाई! तुम्ही करा फोन सुरू, मी त्या पोरीला गाठते, 220 अक्षरांत मासवडी कशी बसवायची ते तिलाच विचारते!